मिरपूड पतंग : ओळख, जीवनक्रम आणि एक धडा

(विज्ञान मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञान मंडळाच्या चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली आणि मी एक पतंग निवडला. पतंग हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर दोन चित्रे येतात. एक आकाशातल्या कागदी पतंगाचे आणि दुसरे शमेभोवती घिरट्या घालणाऱ्या परवान्याचे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी उर्दू शायरीचे कान आहेत, त्यामुळे परवाना आपल्याला परका नाही. परंतु रात्री ज्योतीवर झडप घालणारा हा परवाना दिवसभर कोठे असतो, हा प्रश्न मैफलीत कोणी विचारीत नाही. आज मला त्याच प्रश्नापासून सुरुवात करावयाची आहे.

ज्या पतंगाविषयी मी बोलणार आहे तो आपल्याकडे, महाराष्ट्रात, आढळत नाही. तो इंग्लंडच्या, युरोपच्या, उत्तर आशियाच्या आणि उत्तर अमेरिकेच्या थंड रानांतला रहिवासी आहे. मग तो आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की तो आपल्या मुलांच्या दप्तरात येऊन बसलेला आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांतीच्या धड्यात एका झाडाच्या सालीवर एक पांढरा आणि एक काळा पतंग असे चित्र असते, त्याखाली चार ओळी असतात, आणि मुले त्या पाठ करतात. परीक्षेत विचारले म्हणजे उत्तर येते, ‘कारखान्यांच्या धुरामुळे पतंग काळे झाले.’ हे उत्तर चूक आहे. ते चूक का, हे समजण्यासाठी आधी त्या प्राण्याची नीट ओळख करून घ्यावी लागते. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याविषयीची चार वाक्ये पाठ करून काय उपयोग?

नाव आणि घराणे

इंग्रजीत ह्या पतंगाला पेपर्ड मॉथ म्हणतात. पांढऱ्या पंखांवर कोणी मिऱ्यांची भरड भुरभुरावी तसे त्याचे रूप असते, म्हणून हे नाव. आपण त्याला मिरपूड पतंग म्हणू. त्याचे शास्त्रीय नाव बिस्टन बेट्युलारिया. त्यातला ‘बेट्युला’ म्हणजे भूर्ज वृक्ष, ज्याच्या सालीवर आपल्याकडे पूर्वी पोथ्या लिहीत. ह्या पतंगाच्या अळ्या भूर्जाची पाने आवडीने खातात. हे नाव स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली दिले.

त्याचे कुल जिओमेट्रिडी. ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘जमीन मोजणारे’. ह्या कुलातील अळ्या चालताना शरीराची कमान करतात, मागचा भाग पुढे आणून टेकवितात आणि मग पुढचा भाग लांबवितात, जणू वितीने अंतर मोजीत चालल्या आहेत. आपल्याकडील सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याला ही चाल ठाऊक आहे. त्याच्या शेतातल्या उंटअळीचे कुल निराळे, परंतु पाठीला बाक देऊन चालण्याची रीत तीच. मिरपूड पतंगाचा एक जवळचा नातलग मात्र भारतात आहे. आसामच्या चहाच्या मळ्यांत पाने फस्त करणारी बिस्टन सप्रेसारिया ही अळी ह्याच वंशातली.

ओळखावा कसा

समजा, जून महिन्यात तुम्ही इंग्लंडमधील एखाद्या ओकच्या रानात सकाळी उभे आहात. मिरपूड पतंग तेथे दुर्मिळ नाही. तरीही तासभर शोधून तो सापडेल, अशी खात्री नाही. तो सापडावा यासाठी काही खुणा लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली खूण आकाराची. पंख पसरले असता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण साडेचार ते सहा सेंटीमीटर भरतात. म्हणजे हा पतंग अगदी लहान नाही. शरीर जाड आणि केसाळ असते. मादी नरापेक्षा मोठी आणि अंगाने भरलेली असते.

दुसरी खूण बसण्याच्या रीतीची. फुलपाखरू बसले म्हणजे बहुधा पंख पाठीवर उभे मिटते. मिरपूड पतंग पंख पसरून ते सालीला सपाट चिकटवून बसतो. त्यामुळे त्याची सावली पडत नाही. पाहणाऱ्याचा डोळा पुष्कळदा वस्तूपेक्षा सावलीवरून वस्तू ओळखतो, आणि येथे सावलीच नसते.

तिसरी खूण पंखांच्या रंगाची. नेहमीच्या रूपात पंख मळकट पांढरे असून त्यांवर काळे ठिपके आणि अधूनमधून तुटलेल्या नागमोडी काळ्या रेघा असतात. हे रूप कशासारखे दिसते हे सांगण्यासाठी मी तुम्हांला स्वयंपाकघरात नेतो. मसाल्याच्या डब्यातले दगडफूल आठवा. वरून करडे-पांढरे, कडा कुरळलेल्या, मधेच काळपट. दगडफूल ही खडकावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारी वनस्पतीसारखी गोष्ट आहे. बुरशी आणि शैवाल ह्यांचा तो एकत्र संसार आहे. स्वच्छ हवेच्या रानात इंग्लंडमधील झाडांच्या साली अशा दगडफुलांनी भरलेल्या असतात. त्यांवर पंख पसरून बसलेला मिरपूड पतंग म्हणजे दगडफुलाचाच आणखी एक तुकडा.

चौथी खूण मिशांची. पतंगाच्या डोक्यावर दोन स्पर्शिका असतात. नराच्या स्पर्शिका पिसासारख्या झुपकेदार असतात, मादीच्या दोऱ्यासारख्या साध्या. ही खूण पाहिली की नर-मादीचा प्रश्न मिटतो.

पाचवी खूण ऋतूची. मिरपूड पतंग ब्रिटनमध्ये मे ते ऑगस्ट ह्या काळात उडतो. त्याचा एक भाऊबंद, बिस्टन स्ट्रॅटारिया, त्याच्यासारखाच ठिपकेदार आहे. परंतु तो मार्च-एप्रिलमध्ये दिसतो आणि त्याच्या पंखांवर तपकिरी रंगाचे रुंद पट्टे असतात. कीटक ओळखताना तारीख लिहून ठेवणे किती आवश्यक आहे, हे ह्यावरून ध्यानात येईल.

आता महत्त्वाची गोष्ट. ह्या एकाच जातीत तीन रूपे आहेत. ठिपकेदार पांढरे रूप, त्याला टिपिका म्हणतात. जवळजवळ कोळशासारखे काळे रूप, ते कार्बोनारिया. आणि दोहोंच्या मधले कमीअधिक काळपट रूप, ते इन्सुलारिया. तिन्ही एकमेकांशी जोडी जमवितात, तिन्हींची पिले सारखीच निपजतात. एका घरात गोरी आणि सावळी भावंडे असावीत, तसा हा प्रकार आहे. त्यांच्या निराळ्या जाती नाहीत.

वर्षाचा क्रम

मिरपूड पतंगाची वर्षातून एकच पिढी होते, म्हणून त्याचा जीवनक्रम लक्षात ठेवणे सोपे आहे.

उन्हाळ्यात जमिनीतून पतंग बाहेर पडतो, एखाद्या खोडावर किंवा झुडपावर चढतो आणि पंख वाळवितो. मादी फारशी उडत नाही. ती एका जागी बसून गंधद्रव्य हवेत सोडते. नर रात्री उडत असतो. त्याच्या त्या झुपकेदार मिशा हा गंध टिपण्यासाठीच आहेत. गंधाच्या मागाने तो मादीपर्यंत पोहोचतो. प्रौढ पतंग काही खात नाही. अळी असताना साठविलेल्या शिदोरीवर त्याचे थोड्या दिवसांचे आयुष्य निघते. ज्याला खावयाचे नाही त्याचे काम दोनच, वंश पुढे चालविणे आणि तोपर्यंत पक्ष्याच्या चोचीपासून वाचणे.

मादी सालीच्या भेगांत आणि दगडफुलांच्या आड अंडी घालते. ती मोहरीहून बारीक, फिकट हिरवी असतात. एका मादीची अंडी शेकड्यांनी मोजावी लागतात, कधी दोन हजारांपर्यंत. ही संख्या ऐकून आश्चर्य वाटेल. पण जेथे मरण फार, तेथे जन्मही फार, असा निसर्गाचा हिशेब आहे. दोन हजारांतून सरासरी दोन जगली तरी जात टिकते.

अंड्यातून निघालेली अळी एखाद्या केसाच्या तुकड्याएवढी असते. ती तोंडातून रेशमाचा धागा सोडून त्याला लोंबकळते, आणि वारा तिला धाग्यासकट उचलून दुसऱ्या झाडावर नेतो. सगळी भावंडे एकाच फांदीवर राहिली तर पाने पुरावयाची नाहीत, त्यावरचा हा उपाय. ओक, भूर्ज, विलो, पॉप्लर अशा अनेक झाडांची पाने तिला चालतात. जुलैपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ती खात आणि कात टाकीत वाढते. पूर्ण वाढ झाली म्हणजे ती सुमारे सहा सेंटीमीटर लांब असते.

ह्या अळीचे वेशांतर मला पतंगाच्या वेशांतराहून थोर वाटते. पुढे खऱ्या पायांच्या तीन जोड्या आणि मागे मांसल पायांच्या फक्त दोन जोड्या, मधले शरीर मोकळे. धोका जाणवला की ती मागच्या पायांनी फांदी घट्ट धरते आणि बाकीचे शरीर तिरके, ताठ उभे करते. झाली काटकी. अंगावर गाठी असतात, त्या गळलेल्या पानांच्या व्रणांसारख्या दिसतात. डोक्याला मधोमध खाच असते, त्यामुळे डोके काटकीच्या टोकाच्या कळीसारखे दिसते. मग रंगाचे काय? विलोवरच्या काटक्या हिरवट, भूर्जावरच्या तपकिरी. अळी ज्या काटक्यांवर वाढते त्यांच्यासारखा रंग ती काही दिवसांत धारण करते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत संशोधकांनी अळ्यांच्या डोळ्यांवर काळा रंग लावून त्यांना आंधळे केले. तरीही अळ्यांनी भोवतालच्या काटक्यांचा रंग बरोबर घेतला. म्हणजे ही अळी डोळ्यांप्रमाणेच कातडीनेही रंग ओळखते. ज्या कातडीवर वेश चढवावयाचा, तीच कातडी पाहण्याचे कामही करते.

हिवाळा जवळ आला की अळी झाडावरून खाली उतरते आणि मातीत शिरते. भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडावर टांगलेला टसरचा कोसा आपल्या ओळखीचा आहे. मिरपूड पतंग तसे रेशमी घर बांधीत नाही. त्याचा तपकिरी, कठीण कवचाचा कोष मातीतच थोड्या खोलीवर पडून राहतो. वर बर्फ पडो, पाऊस पडो, तो मे महिन्यापर्यंत हलत नाही. मग एके दिवशी कवच फुटते, पतंग बाहेर येतो आणि वर्ष पुन्हा सुरू होते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक भेद नीट ध्यानात घ्या. अळी आपल्या एका आयुष्यात रंग बदलू शकते. पतंग बदलू शकत नाही. तो ज्या पंखांनिशी कोषातून बाहेर पडला त्याच पंखांनिशी मरतो. पुढची सारी हकिकत ह्या भेदावर उभी आहे.

काळा पतंग

१८४८ साली मँचेस्टर येथे एक काळा मिरपूड पतंग सापडला. तेथील संग्राहकांना ते नवल वाटले, कारण तोपर्यंत सारे पतंग ठिपकेदार पांढरे दिसत. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचे शहर. कोळशाच्या धुरातील गंधकाच्या वायूने झाडांवरची दगडफुले मरून गेली आणि काजळीने साली काळ्या पडल्या. १८९५ च्या सुमारास त्याच मँचेस्टरच्या परिसरात शंभरांतील अठ्ठ्याण्णव मिरपूड पतंग काळे होते. वर्षाला एक पिढी, म्हणजे पन्नासेक पिढ्यांत हा उलटफेर झाला.

१८९६ साली जे. डब्ल्यू. टट ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने त्याचे कारण सुचविले. काजळलेल्या सालीवर पांढरा पतंग उठून दिसतो, पक्षी त्याला टिपतात. काळा दिसत नाही, तो वाचतो आणि त्याची पिले काळी निपजतात. म्हणजे धुराने कोणत्याही पतंगाला काळे केले नाही. काळे पतंग तुरळक प्रमाणात होतेच. धुराने त्यांच्या बसण्याची जागा काळी केली आणि पक्ष्यांनी पांढऱ्यांना वेचले. परीक्षेतले उत्तर चूक आहे असे मी म्हणालो ते ह्यामुळे.

१९२४ साली जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनी कागदावर हिशेब मांडला. इतक्या थोड्या वर्षांत काळ्यांची संख्या इतकी वाढावयाची तर काळ्या पतंगाची वाचणारी पिले पांढऱ्याच्या सुमारे दीडपट असली पाहिजेत, असे त्यांनी दाखविले. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करू लागले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

हिशेब झाला, पण डोळ्यांनी कोणी पाहिले होते? ते काम ऑक्सफर्डच्या बर्नार्ड केटलवेल ह्यांनी हाती घेतले. १९५३ साली बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात त्यांनी पंखांच्या खालच्या बाजूला रंगाचा ठिपका लावून पतंग सोडले आणि रात्री दिवे व सापळे लावून ते पुन्हा पकडले. काळ्यांपैकी शेकडा २७.५ परत मिळाले, पांढऱ्यांपैकी शेकडा १३. दोन वर्षांनी डॉर्सेटच्या स्वच्छ रानात त्यांनी तोच प्रयोग केला. तेथे आकडे उलटले. पांढरे शेकडा १२.५ परत मिळाले, काळे शेकडा ६ च्या आसपास. पक्षी पतंग टिपत असल्याचे चित्रणही निको टिंबर्गेन ह्यांनी केले. हा प्रयोग जगभरच्या पुस्तकांत गेला आणि तेथून आपल्या मुलांच्या दप्तरात आला.

शंका आणि फेरतपासणी

पुस्तकांत ही हकिकत बहुधा येथे संपते. मला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

केटलवेलच्या प्रयोगावर पुढे आक्षेप आले, आणि ते खोटे नव्हते. त्यांनी पतंग दिवसा झाडांवर सोडले होते, वास्तविक पतंग आपली जागा रात्री, पहाटेपूर्वी निवडतो. थोड्या झाडांवर फार पतंग सोडल्याने पक्ष्यांना जणू ताट वाढून ठेवले गेले. पुस्तकांतली छायाचित्रेही पुष्कळदा पतंग मुद्दाम सालीवर ठेवून काढलेली होती. मग काही लोक म्हणू लागले की सारी गोष्टच बनावट आहे.

अशा वेळी दोन मार्ग असतात. आपले म्हणणे मोठ्या आवाजात पुन्हा सांगत राहणे, हा एक. दुसरा मार्ग केंब्रिजच्या मायकेल मजेरस ह्यांनी धरला. गंमत अशी की प्रयोगातल्या उणिवा नीट मांडणाऱ्यांत ते स्वतःच होते. आपल्या बागेतल्या झाडांच्या फांद्यांना त्यांनी जाळीच्या पिशव्या घातल्या, रात्री त्यांत पतंग सोडले आणि बसावयाची जागा पतंगांनाच निवडू दिली. पहाटेपूर्वी जाळी काढून घ्यावयाची आणि सूर्योदयानंतर चार तासांनी कोण शिल्लक आहे ते मोजावयाचे. फांदीवर थोडेच पतंग ठेवावयाचे, म्हणजे गर्दी नको. शिवाय दुर्बीण लावून पक्ष्यांवर नजर ठेवावयाची. हे त्यांनी सहा वर्षे केले आणि ४८६४ पतंगांची नोंद ठेवली.

झाडावर चढून त्यांनी आणखी एक प्रश्न सोडविला. पतंग मुळी खोडावर बसतच नाही, असे टीकाकार म्हणत. मजेरस ह्यांना नैसर्गिक जागी बसलेले १३५ पतंग आढळले. त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक फांद्यांवर होते, सुमारे एकतृतीयांश खोडावर आणि उरलेले काटक्यांवर. म्हणजे टीका अर्धी खरी आणि अर्धी खोटी ठरली. केंब्रिजची हवा आता स्वच्छ आहे, झाडांवर दगडफुले आहेत. तेथे काळे पतंग पांढऱ्यांपेक्षा अधिक खाल्ले गेले. रोजच्या रोज काळ्यांची वाचण्याची शक्यता शेकडा ९ ने कमी भरली. रॉबिन, ब्लॅकबर्ड, मॅगपाय अशा नऊ जातींच्या पक्ष्यांना त्यांनी स्वतः पतंग खाताना पाहिले.

२००९ च्या जानेवारीत मजेरस वारले, तेव्हा हे आकडे निबंधरूपाने छापले गेले नव्हते. त्यांच्या चार सहकाऱ्यांनी त्यांच्या नोंदी घेऊन २०१२ साली ते काम प्रसिद्ध केले. केटलवेलच्या रीतीत दोष होता, निष्कर्ष बरोबर होता, असे त्यातून निघाले. नोंदवही नीट ठेवली असेल तर माणूस गेल्यावरही तिची साक्ष उरते.

दरम्यान लिव्हरपूलच्या संशोधकांनी काळ्या रंगाचे मूळही शोधले. २०१६ साली त्यांनी दाखविले की कॉर्टेक्स नावाच्या जनुकाच्या जागी सुमारे बावीस हजार अक्षरांचा एक तुकडा येऊन बसला, त्यामुळे काळे रूप निपजले. ही घटना १८१९ च्या सुमारास घडली असावी असा त्यांचा अंदाज आहे, म्हणजे पहिला काळा पतंग सापडण्याच्या तीसेक वर्षे आधी. काळा गुण प्रभावी आहे, आई किंवा बाप एकाकडून आला तरी पिलू काळे होते. म्हणून जागा काळी होताच तो इतक्या झपाट्याने पसरला.

धूर ओसरल्यावर

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर दाट धुरके पसरले आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ साली ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. कोळशाचा धूर कमी झाला, दगडफुले परतू लागली, आणि पतंगांचा तराजू दुसऱ्या बाजूला झुकला. लिव्हरपूलजवळ सिरिल क्लार्क हे गृहस्थ १९५९ पासून वर्षानुवर्षे दिव्यावर आलेले पतंग मोजीत असत. १९५९ साली शंभरांत नव्वदांहून अधिक काळे होते. १९८९ पर्यंत ती संख्या तीसच्या घरात आली. आज ब्रिटनमध्ये काळा मिरपूड पतंग विरळा झाला आहे. माणसाने हवा सुधारली की नाही, ह्याचा दाखला एका कीटकाने दिला.

हे सिरिल क्लार्क व्यवसायाने डॉक्टर होते. दिवसा रुग्ण आणि फावल्या वेळात फुलपाखरे व पतंग, असा त्यांचा क्रम होता. फुलपाखरांच्या रंगांची आनुवंशिकता अभ्यासता अभ्यासता ते माणसाच्या रक्तगटांकडे वळले. आईचे रक्त आर-एच निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचे पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाच्या जिवाला धोका असतो. १९६० च्या दशकात क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिव्हरपूलला जे काम केले, त्यातून अशा आयांना द्यावयाचे अँटी-डी इंजेक्शन पुढे आले. आज आपल्या गावच्या दवाखान्यातही ते दिले जाते. ‘पतंग मोजून काय मिळणार?’ असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर पुरे आहे. मात्र तो प्रश्न विचारणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की क्लार्क मोजावयास बसले तेव्हा त्यांना इंजेक्शन नको होते. त्यांना पतंगांविषयी जाणून घ्यावयाचे होते.

आपण काय करावे

शिक्षक बंधुभगिनींनो, पतंग पाहण्यासाठी इंग्लंडला जावयास नको आणि महागड्या उपकरणांचीही गरज नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला, शक्यतो अमावस्येच्या आसपास, शाळेच्या आवारात दोरीवर एक जुनी पांढरी चादर टांगा आणि तिच्यासमोर दिवा लावा. तासाभरात चादरीवर किती प्रकारचे पतंग येतात ते पाहून मुले थक्क होतील. पतंग मारावयाचे नाहीत, टोचावयाचे नाहीत. एका वहीत तारीख, वेळ, जागा, हवामान, पतंगाचा अंदाजे आकार, मिशांचा प्रकार आणि पंख ठेवण्याची रीत लिहावयाची. ज्याला चित्र काढता येते त्याने चित्र काढावे. नाव कळले नाही तरी चालेल, नोंद चुकता कामा नये. काम संपताच दिवा मालवा, म्हणजे पाहुणे आपल्या वाटेने जातील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना त्याच आवारातील आंब्याच्या, सागाच्या, वडाच्या खोडांसमोर उभे करा आणि रात्री पाहिलेले पतंग शोधावयास सांगा. पहिल्या दिवशी बहुधा एकही सापडणार नाही. आठवड्याने एक सापडेल. महिन्याने मुले सालीवरची रेघ आणि पंखावरची रेघ ह्यांतला फरक ओळखू लागतील. मुलामुलींना दोघांनाही ह्या कामात घ्या. मुलींनी रात्री थांबणे पालकांना अडचणीचे वाटत असेल तर चादर घराच्या अंगणात किंवा गच्चीवरही टांगता येते. एकेका वर्गाने अशी वही पाच वर्षे चालविली तर त्या गावच्या पतंगांची नोंद तयार होईल.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला माझे शेवटचे सांगणे एवढेच. परीक्षेत मिरपूड पतंगाचा प्रश्न आला तर असे लिहा : धुराने पतंगाचा रंग बदलला नाही. दोन्ही रंगांचे पतंग होते. साली काळ्या झाल्या तेव्हा पक्ष्यांना पांढरे दिसले, साली पुन्हा उजळल्या तेव्हा काळे दिसले, आणि प्रत्येक वेळी जे दिसले नाहीत त्यांची पिले वाढली. ह्या चार ओळी लिहिताना हेही आठवा की त्या खऱ्या आहेत हे ठरविण्यासाठी कोणी सहा वर्षे पहाटे उठून फांद्या मोजल्या आहेत. कोणी तुम्हांला विचारले की हे कशावरून, तर पुस्तकात आहे म्हणून, असे सांगू नका. कसे मोजले ते सांगा.